डोलोमाइटचं कोडं खरंच सुटलं का?

खोलपाणी (धागाकर्ता)

२०२३च्या नोव्हेंबरात मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांतल्या संशोधकांचा शोधनिबंध आला आणि 'डोलोमाइटचं दोनशे वर्षांचं कोडं सुटलं' असे मथळे झळकले. हा खडक जुन्या थरांत ढिगाने सापडतो पण आजच्या समुद्रात जवळपास बनत नाही, हे ते कोडं. तेव्हापासून हा विषय काढला की समोरचा 'ते तर झालं ना आता' म्हणून मोकळा होतो. झालं ते अर्धं. स्फटिक कसा वाढतो याचं बऱ्यापैकी उत्तर मिळालं. पण शेकडो मीटर जाडीचा आणि शेकडो किलोमीटर पसरलेला चुनखडक आख्खाच्या आख्खा डोलोमाइट कसा होतो, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते तो प्रश्न पाण्याच्या वाटांचा आहे. मतभेद असणारच, म्हणून हा धागा.

मुळापासून सांगतो. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शिंपले, प्रवाळ, चुनेदार शेवाळ यांच्या अवशेषांचा गाळ साचतो आणि कालांतराने त्याचा चुनखडक होतो. बहामाच्या उथळ पाण्यात हे आजही चालू आहे. पण जुन्या समुद्रांच्या द्रोणींत, म्हणजे तळ खचत गेला आणि कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहिला अशा ठिकाणी, याच धाटणीच्या थरांत चुनखडकाऐवजी पुष्कळदा डोलोमाइट भेटतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम निम्मेनिम्म असलेलं कार्बोनेट. कॅम्ब्रियनपूर्व काळात, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या आधी, त्याचा सुकाळ, पुराजीव महाकल्पातही भरपूर, नंतर चढउतार, आणि आजच्या समुद्रात अगदी औषधापुरता.

बरं, समुद्रात मॅग्नेशियमची वानवा आहे म्हणावं तर तसंही नाही. लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम १.३ ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ०.४ ग्रॅम. अणू मोजले तर पाचास एक. हिशेबाने समुद्राचं पाणी डोलोमाइटच्या बाबतीत अतिसंपृक्त आहे, म्हणजे मावतील त्याहून जास्त घटक त्यात विरघळलेले आहेत. डोलोमाइट आपणहून तळाशी बसायला हवा. बसत नाही. लिंटन लँड या अमेरिकन भूरसायनतज्ज्ञाने हजारपट अतिसंपृक्त द्रावण २५ अंश सेल्सिअसला ३२ वर्षं ठेवून दिलं. डोलोमाइट काही बसला नाही. १९९८मध्ये त्याने ते छापलं, शीर्षकातच 'अपयश' असं लिहून. इतका प्रामाणिक मथळा विरळाच.

अडतं कुठे? मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित अणू) लहान, त्यामुळे त्याच्यावरचा भार दाटीवाटीने एकवटलेला. पाण्याचे सहा रेणू तो घट्ट धरून ठेवतो आणि ते सुटल्याशिवाय त्याला कार्बोनेटशी जोडलं जाता येत नाही. कॅल्शियमची पकड सैल, म्हणून ते आधी जाऊन बसतं. त्यात डोलोमाइटच्या स्फटिकाची शिस्त कडक. एक थर निव्वळ कॅल्शियमचा, मग कार्बोनेट, मग एक थर निव्वळ मॅग्नेशियमचा. प्रत्यक्षात वाढत्या पृष्ठभागावर दोन्ही आयन मिळेल त्या जागी बसतात, थर बिघडतो, आणि बिघडलेल्या थरावर पुढचा थर चढेनासा होतो.

२०२३च्या निबंधाचं म्हणणं असं की पाण्याची संपृक्तता वर-खाली होत राहिली तर चुकीच्या जागी बसलेले अणू आधी विरघळतात आणि नीट बसलेले टिकतात. विणताना चुकलेला टाका उसवून पुन्हा घालावा, तसं. ही उसवण्याची संधी न मिळाल्यास सुव्यवस्थित असा एकच थर व्हायला एक कोटी वर्षं लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. प्रयोगात त्यांनी द्रावणात बुडवलेल्या डोलोमाइटच्या कणावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची शलाका दोन तासांत सुमारे चार हजार वेळा सोडली. शलाका पडली की पाणी फुटून आम्ल तयार होतं आणि स्फटिक किंचित विरघळतो, ती थांबली की पुन्हा वाढतो. त्याआधी प्रयोगशाळेत पाचाच्या वर थर चढले नव्हते. इथे तीनशेच्या आसपास चढले.

तीनशे थर म्हणजे १०० नॅनोमीटर. आता यावरून डोंगराकडे कसं जायचं?

नवखा

लेख आवडला. एक बाळबोध प्रश्न विचारतो. डोलोमाइट थेट समुद्रातून तळाशी बसतो, की आधी चुनखडक होता आणि मागाहून बदलला? आणि हे खडकाकडे बघून कसं ओळखायचं?

भिंगवाला

बाळबोध कसला, हा तर कळीचा प्रश्न. बहुतेक जुना डोलोमाइट मागाहून बदललेला आहे आणि त्याची खूण पातळ कापात दिसते. काप ३० मायक्रॉन जाडीचा घासतात, म्हणजे प्रकाश आरपार जातो. मग अर्ध्या भागाला अ‍ॅलिझरिन रेड एस या रंगाचं सौम्य आम्लातलं द्रावण लावायचं. कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचं मुख्य खनिज, लालसर होतो, डोलोमाइट रंग घेत नाही.

आता एक नमुनेदार काप सांगतो. मूळ खडक गोल दाण्यांचा चुनखडक, म्हणजे एका केंद्राभोवती चुन्याची पुटं चढत गेलेले मिलिमीटरभर व्यासाचे दाणे. लाल झालेल्या पार्श्वभूमीवर बिनरंगी समांतरभुज चौकोन ठसठशीत उठून दिसतात. त्यांतला एखादा अर्धा दाण्यात आणि अर्धा दाण्याबाहेरच्या, दाण्यांना जोडणाऱ्या नैसर्गिक सिमेंटात असतो. स्फटिकाने दाण्याची सीमा जुमानलेलीच नाही, सरळ कापून तो पलीकडे वाढलाय. दाणा आधी होता, सिमेंटही आधी होतं, स्फटिक नंतर आला. याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा?

बदल पूर्ण झाला तर लाल काहीच उरत नाही. तरी कधीकधी स्फटिकांच्या जाळीतून समुद्रलिली या प्राण्याच्या देठाची गोल चकती फिकट सावलीसारखी दिसते. बऱ्याच स्फटिकांचा गाभा गढूळ आणि कडा नितळ असते. गाभ्यात जुन्या कॅल्साइटचे कण अडकलेले, कडा नंतर मोकळ्या जागेत स्वच्छ पाण्यातून वाढलेली.

याउलट काही डोलोमाइट इतका बारीक असतो की स्फटिक एक-दोन मायक्रॉनचे, आणि गाळाचे केसासारखे पापुद्रे, सुकून पडलेल्या भेगा सगळं जसंच्या तसं. तो गाळ साचतानाच किंवा साचल्यावर लगोलग झालेला.

रसायनी

खोलपाणी, लेख चांगला आहे पण सूक्ष्मजीवांना तुम्ही चक्क गाळलंत. १९९५मध्ये वास्कोन्सेलोस, मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या लागोआ व्हर्मेल्हा या अतिखाऱ्या खाजणातले सल्फेट खाणारे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, तर कमी तापमानालाही डोलोमाइट तयार होतो. हे जिवाणू सल्फेट संपवतात, पाण्याची अल्कधर्मिता वाढवतात आणि त्यांच्या पेशींभोवतीचा बुळबुळीत थर मॅग्नेशियमला चिकटलेलं पाणी सोडवायला मदत करतो. त्या थरातले कार्बोक्सिल गट हे काम करतात असं मानलं जातं. २०१३मध्ये तर मेलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर, एवढंच काय कार्बोक्सिल गट असलेल्या कृत्रिम गोळ्यांवरही तसे कण मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

कॅम्ब्रियनपूर्व काळात सूक्ष्मजीवांच्या चटया उथळ समुद्रभर पसरलेल्या होत्या, आणि डोलोमाइटही तेव्हाच सर्वांत जास्त. हा योगायोग मला तरी पटत नाही.

अतिसंपृक्त

रसायनी, सूक्ष्मजीवांबद्दल माझी एक हरकत. त्या प्रयोगांतून मिळालेल्या पुष्कळशा कणांच्या क्ष-किरण आलेखात क्रमबद्धतेच्या रेषा दिसत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे थर एकाआड एक लागले असतील तरच त्या रेषा उमटतात. त्या नसतील तर हातात आलंय ते भरपूर मॅग्नेशियम असलेलं कॅल्साइट. त्याला डोलोमाइट म्हणणं म्हणजे सरसकट बारसं उरकणं झालं. तो कालांतराने डोलोमाइट होऊ शकतो, ते वेगळं.

सल्फेटचंही तसंच. १९८१मध्ये बेकर आणि कास्टनर यांनी सल्फेट डोलोमाइटला अडवतं असं मांडलं, पण त्यांचे प्रयोग २०० अंशांना होते. आणि प्रत्यक्षात जिप्समच्या मांडीला मांडी लावून बसलेला डोलोमाइट जगभर सापडतो. जिप्सम म्हणजेच कॅल्शियम सल्फेट! सल्फेट एवढं मारक असतं तर ही जोडी जमलीच नसती.

आता खोलपाणींच्या मुद्द्याला हातभार. हिशेब करून बघा. एक घनमीटर चुनखडक घ्या, ४० टक्के पोकळी असलेला. त्यात घन कॅल्साइट ०.६ घनमीटर, वजन साधारण १६२६ किलो, म्हणजे १६,२६० मोल (मोल हे अणू-रेणू मोजायचं एकक). दर दोन कॅल्शियममागे एक बाहेर काढून मॅग्नेशियम बसवायचं, तर ८,१३० मोल मॅग्नेशियम लागेल. समुद्राच्या घनमीटरभर पाण्यात सुमारे ५४ मोल. म्हणजे पाण्याने आपल्याजवळचं सगळंच्या सगळं मॅग्नेशियम टाकलं तरी १५० घनमीटर पाणी पाहिजे. पण सगळं कधीच टाकलं जात नाही. लँडचाच १९८५चा अंदाज आहे सुमारे ६५० घनमीटरांचा. मीठ साकळण्याइतकं आटलेलं पाणी असेल तर ३० घनमीटर पुरतात. गोडं पाणी मिसळून दहापट पातळ झालेलं असेल तर ६,५००.

हे एका घनमीटरचं झालं. डोंगराचं तुम्हीच बघा.

गारगोटी

वाचतेय. प्रतिसाद लेखाच्या तोडीस तोड आहेत.

अवांतर: ज्याच्यावरून या खडकाला नाव पडलं तो फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोम्यो याची कथा विलक्षण आहे. १७९१मध्ये त्याने आम्लात नीट न फसफसणाऱ्या 'चुनखडका'चं वर्णन छापलं. पुढच्या वर्षी धाकट्या सोस्यूरने खडकाला त्याचं नाव दिलं. नंतर गडी नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर गेला, परतताना पकडला गेला आणि मेसिनाच्या तुरुंगात सडला. तिथे कागद-शाई मिळेना, म्हणून काजळीच्या शाईने जवळच्या पुस्तकाच्या समासात खनिजशास्त्र लिहीत बसला. सुटका झाली त्याच वर्षी, १८०१मध्ये, गेला.

खोलपाणी

अतिसंपृक्त, हा हिशेब मी लेखातच घालायला हवा होता असा आहे. आता या पाण्याला ढकलणार कोण, यावर बोलू.

सर्वांत सोपी वाट ऊन. अर्धवट बंदिस्त खाजणात समुद्राचं पाणी आटत जातं. तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आलं की जिप्सम साकळायला लागतं. जिप्सम कॅल्शियम खातं, मॅग्नेशियमला हात लावत नाही. त्यामुळे मूळचं पाचास एक हे प्रमाण दहाच्या वर जातं. शिवाय पाणी जड होतं. हे जड पाणी खाजणाच्या तळातून खालच्या सच्छिद्र गाळात झिरपतं आणि खालचं हलकं पाणी रेटत समुद्राकडे सरकतं. अ‍ॅडम्स आणि ऱ्होड्स यांनी १९६०मध्ये पर्मियन काळातल्या थरांवरून हे मांडलं. मला ही कल्पना आजही सर्वांत दमदार वाटते. जड पाणी, वरून खाली उतार आणि मॅग्नेशियम, तिन्ही गोष्टी एकाच जागी आयत्या मिळतात.

अबुधाबीच्या किनाऱ्यावरच्या खारपट सपाटीत, ज्याला साबखा म्हणतात, उलटी गत असते. वरून बाष्पीभवन होतं म्हणून खालचं पाणी वर ओढलं जातं. तिथे डोलोमाइट आजही तयार होतो, पण काही मायक्रॉनचे कण, तेही थोडके आणि कच्च्या शिस्तीचे.

गोडं आणि खारं पाणी मिसळण्याच्या पट्ट्यात डोलोमाइट होतो, हा सिद्धांत १९७०च्या दशकात फार गाजला. कॅल्साइट विरघळावा पण डोलोमाइट अतिसंपृक्त असावा, अशी मिश्रणं कागदावर निघतात. पण आज जगात असे मिश्रणाचे पट्टे किनाऱ्याकिनाऱ्याला आहेत आणि त्यांत डोलोमाइट जवळपास कुठेच नाही. वर ६,५००चा आकडा बघितलातच. माझ्यापुरता मी तो सिद्धांत निकालात काढलाय.

खोल गाडलं गेल्यावरची कथा वेगळी. १०० अंशांच्या पुढे मॅग्नेशियमभोवतीचं पाणी सुटायला कष्ट पडत नाहीत, प्रयोगशाळेत २०० अंशांना डोलोमाइट दिवसांत होतो. स्फटिकाचं कोडं तिथे मुळातच नाही. पण खोलात पाणी कमी, वाटा बुजलेल्या आणि मॅग्नेशियम संपत आलेलं. म्हणजे वर पाणी आहे पण रसायन अडतं, खाली रसायन तयार आहे तर पाणी नाही.

तेलविहीर

खोल भागातल्या पाण्याबद्दल थोडं. भ्रंशांतून, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगांतून, वर चढणारं तप्त, खारं पाणी ही एक वाट असते. तिच्या कडेला होणारा डोलोमाइट ओळखू येतो, कारण स्फटिकाचे पृष्ठभाग सपाट नसतात, घोड्याच्या खोगिरासारखे बाकदार असतात आणि ध्रुवित प्रकाशात काळोखाचा पट्टा त्यावरून सरकत जातो. असे स्फटिक सहसा ६० अंशांच्या वरचे. कॅनडातल्या पाइन पॉइंटला शिसं-जस्ताचं खनिज डेव्होनियन काळातल्या अशाच डोलोमाइटात आहे. पण हे भ्रंशांच्या आजूबाजूचे पट्टे झाले, अख्खी द्रोणी अशाने बदलत नाही.

आमच्या तेलाच्या धंद्यात डोलोमाइट लाडका का, तेही सांगून टाकतो. दोन मोल कॅल्साइटची जागा एक मोल डोलोमाइटने घेतली तर घन भाग साधारण १३ टक्क्यांनी आक्रसतो. त्यामुळे पोकळी वाढते, असं पाठ्यपुस्तकात असतं. प्रत्यक्षात कार्बोनेट बाहेरूनही येत असतं आणि पाणी वाहतच राहिलं तर नवीन सिमेंट बसून तीच पोकळी बुजते. जास्तीचा डोलोमाइट खडक पार ठार करून टाकतो. खरा फायदा दुसराच आहे. डोलोमाइटची चौकट खोलात दाबली जात नाही, त्यामुळे जी पोकळी आहे ती टिकते, आणि साखरेच्या दाण्यांसारख्या स्फटिकांमधून वाट मोकळी राहते. सौदी अरेबियातल्या घवारमध्ये तेल मुख्यतः ज्युरासिक चुनखडकात आहे, पण मधले काही पातळ डोलोमाइटचे थर असे आहेत की त्यांतून भसाभस येतं.

ओहोटी

धागाकर्त्यांचं 'स्फटिक वेगळा, पाणी वेगळं' हे दोन कप्पे मला कृत्रिम वाटतात. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतरांगेत ट्रायासिक काळातला 'दोलोमिया प्रिंचिपाले' नावाचा थर बघा. त्रे चिमेचे प्रसिद्ध सुळके त्याचेच. त्यात भरती-ओहोटीच्या सपाटीवर साचलेल्या थरांची एकावर एक चळत आहे. सूक्ष्मजीवांच्या चटयांचे पापुद्रे, उन्हाने पडलेल्या भेगा, त्यावर पुन्हा शिंपल्यांचा उथळ समुद्री थर, आणि परत तेच. अशा जागी दिवसातून दोनदा खारं पाणी येतं, ऊन पडलं की आटतं, पाऊस आला की पातळ होतं. संपृक्तता वर-खाली होण्याची यापेक्षा चांगली सोय कुठली? आणि तीच भरती मॅग्नेशियमही आणून टाकते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका जागी.

२०२३च्या निबंधाचं महत्त्व मला यातच दिसतं. आजचा जो थोडका डोलोमाइट आहे तोही अशाच ठिकाणी सापडतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूराँगची तळी पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात कोरडी पडतात. बहामातल्या अँड्रॉसवर भरतीच्या वरच्या पट्ट्यात डोलोमाइटचा कडक पापुद्रा धरतो. लँडच्या ३२ वर्षांच्या प्रयोगात काय चुकलं? परिस्थिती बदललीच नाही.

खोलपाणी

ओहोटी, सपाटीवरच्या थरांपुरतं मान्य. पण मग प्रशांत महासागरातल्या एनेवेटक प्रवाळद्वीपाचं काय करायचं? तिथल्या विंधनछिद्रात साडेबाराशे मीटरांच्या खाली इओसीन काळातल्या थरांत डोलोमाइट आहे. त्या खोलीवर समुद्राचं थंडगार पाणी द्वीपाच्या पोटात शिरतं. ते कॅल्साइटला विरघळवतं आणि डोलोमाइटसाठी मात्र अतिसंपृक्त असतं. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, भरतीचं आटणं नाही. बहामातही मायोसीन-प्लायोसीनमधले डोलोमाइटचे जाड थर साध्या समुद्राच्या पाण्यातूनच झाल्याचं स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, सांगतात. चुनखडकाच्या मंचाच्या (प्लॅटफॉर्मच्या) पोटात पृथ्वीच्या उष्णतेने पाणी हलकं होऊन वर चढतं आणि कडेने थंड पाणी आत येतं, असा पंप लाखो वर्षं चालू राहतो. चढउतारापेक्षा इथे सातत्य कामी आलंय.

शिवाय मिशिगनवाल्यांनी डोलोमाइटचा बीजकण आयता दिला होता. पहिला कण कुठून येतो, हे त्या प्रयोगात विचारलेलंच नाही.

रसायनी

पहिला कण सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीतून! तुम्हीच माझ्या दारात आलात.

अतिसंपृक्त यांनी कच्च्या कणांना नाव ठेवलं, पण कच्चा कण हाच बीज नाही का ठरत? आधी घाईघाईत मॅग्नेशियमवालं कॅल्साइट, मग ते विरघळत त्याच जागी शिस्तीचा डोलोमाइट. वरच्या तापमानांच्या प्रयोगांत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

अतिसंपृक्त

बीज म्हणून चालेल. डोलोमाइट म्हणून नाही.

नवखा

पण मग जुन्या काळातच एवढा का? नियम तर तेच होते ना?

भिंगवाला

नियम तेच, समुद्र वेगळे. समुद्रपातळी उंच असताना खंडांच्या पाठीवर हजारो किलोमीटर रुंदीचे उथळ समुद्र पसरलेले होते. अशी खाजणं आणि सपाट्या आज फार थोड्या आहेत. आपण हिमयुगांच्या काळातले, पातळी सारखी शंभरेक मीटर खाली-वर होते, एखादा झिरपाव्याचा पंप जेमतेम चालू होतो न होतो तोच बंद पडतो.

कॅम्ब्रियनपूर्व काळ त्याहून निराळा. ऑक्सिजन कमी, सल्फेट कमी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत कॅम्ब्रियनपूर्वच्या शेवटाकडच्या क्रायोजेनियन काळातल्या समुद्री खडकरांगांच्या (रीफ) पोकळ्यांना आतून डोलोमाइटच्या तंतूंचं अस्तर आहे. भिंतीपासून आतल्या मोकळ्या जागेकडे काटकोनात वाढलेले तंतू, त्यांचे वाढीचे पट्टे शाबूत. हे मागाहून बदललेलं दिसत नाही, समुद्राच्या पाण्यातून थेट बसलेलं दिसतं. म्हणजे वर मी 'बहुतेक' लिहिलं ते विचार करूनच.

आणि ६३.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीभरचं हिमयुग संपलं, तेव्हा हिमनदीच्या गाळावर लगेच डोलोमाइटचा थर बसला. नामिबिया, ऑस्ट्रेलिया, चीन, कॅनडा, सगळीकडे. कुठे काही मीटर, कुठे त्याच्या दहापट जाड. तो का बसला यावर वेगळा धागा लागेल.

खोलपाणी

तो धागा तुम्हीच काढा भिंगवाला, आम्ही वाट बघतो.

माझं मुख्य म्हणणं अजून मांडायचं राहिलं. ओहोटी यांनी डोलोमाइट्स पर्वत काढलेच आहेत तर तिथूनच. त्या रांगेतलं सर्वांत उंच शिखर मार्मोलाडा, ३,३४३ मीटर. ते बहुतांशी चुनखडकाचं आहे! आणि त्याच मध्य ट्रायासिक काळातले, त्याच समुद्रातले, त्याच प्रकारच्या मंचावर साचलेले शेजारचे डोंगर डोलोमाइटचे. रसायन तेच, पाणी तेच, सूक्ष्मजीव तेच, भरतीही तीच. मग फरक उरतो तो पाण्याच्या वाटेचा. माझ्या मते मार्मोलाडात ती बंद होती.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या अल्बर्टाचं. डेव्होनियन काळातल्या लेडूक प्रवाळमंचांची एक लांबलचक रांग जमिनीखाली आहे आणि ती जवळपास सगळी डोलोमाइट झालेली. रांगेपासून बाजूला असलेला रेडवॉटर हा मंच मात्र चुनखडकाचा राहिला. रांगेच्या अगदी जवळचा गोल्डन स्पाइकसुद्धा. वय एकच, बांधणी एकच. फरक इतकाच की रांगेखाली कुकिंग लेक नावाचा सलग सच्छिद्र थर आहे आणि पाण्याला त्यातून वाट मिळाली.

तेलविहीर

रेडवॉटरचं उदाहरण चपखल. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्यांदा हाच नकाशा दाखवतात, कारण डोलोमाइट कुठे मिळेल याचं भाकीत रसायनावरून करता येत नाही, वाटांवरून करता येतं.

ओहोटी

मार्मोलाडाबद्दल माझं म्हणणं असं की तिथे वाट बंद होती हे तुम्ही डोलोमाइट नाही यावरून ठरवताय, आणि डोलोमाइट का नाही तर वाट बंद होती म्हणून! हे गोल फिरणं झालं. वाट होती की नव्हती याचा डोलोमाइटपासून स्वतंत्र असा काही पुरावा आहे का?

खोलपाणी

हा खरा प्रश्न. अल्बर्टात कुकिंग लेक थर विहिरींच्या नोंदींत स्वतंत्रपणे दिसतो, त्यामुळे तिथे गोल फिरणं नाही. मार्मोलाडासाठी आक्षेप रास्त आहे.

अलीकडे मॅग्नेशियमच्या समस्थानिकांवरून एक चाचणी निघालीय. डोलोमाइट वाढताना हलकं मॅग्नेशियम जरा जास्त उचलतो, त्यामुळे पुढे सरकणाऱ्या पाण्यात जड मॅग्नेशियमचा वाटा वाढत जातो. म्हणजे वाट जिथून सुरू झाली तिथला डोलोमाइट हलका आणि पुढे पुढे जड होत गेलेला असायला हवा. थरात ओळीने नमुने घेतले की पाणी कुठून कुठे गेलं त्याची दिशा मिळते. तुमची भरती-ओहोटीची सपाटी असेल तर प्रत्येक लहान चक्रात वरून खाली हा कल दिसला पाहिजे, पुन्हा पुन्हा, मीटर-दोन मीटरांत. माझा झिरपावा असेल तर शेकडो मीटर जाडीत एकच लांब उतार.

ओहोटी

ही अट मान्य. दोलोमिया प्रिंचिपालेत छोटी चक्रं निघाली तर त्या थरापुरतं तुम्ही माघार घ्यायची.

खोलपाणी

त्या थरापुरती घेईन. लेडूक सोडणार नाही.